रेफरन्स उघडून बघण्याचे काम

वैद्यकीय आणि विज्ञानविषयक शोधनिबंध जर्नलकडे जाण्याआधी तपासून नीट करून देणे हा माझा व्यवसाय आहे. त्यात सगळ्यात शेवटी उरणारे आणि सगळ्यात कमी मानाचे काम म्हणजे रेफरन्सची यादी. निष्कर्षांवर, तक्त्यांवर, इंग्रजीवर लेखक मनापासून चर्चा करतात. यादीची वेळ आली की "जर्नलच्या स्टाइलमध्ये करून टाका" एवढ्यावर विषय मिटतो. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, वर्ष कंसात की बाहेर, जर्नलचे नाव तिरपे की सरळ, एवढाच या कामाचा आवाका आहे असे बहुतेकांना वाटते. म्हणून काही जण या नियमांपायी रात्री जागवतात आणि काही जण सगळे सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळे होतात. दोघांच्याही यादीत उणीव एकच राहते. यादीतला प्रत्येक निबंध कोणी उघडला होता का, आणि ज्या वाक्यामागे त्याचा क्रमांक घातला आहे ते वाक्य त्या निबंधातून खरोखर निघते का, हे कोणीच पाहिलेले नसते. या याद्या हाताळत आल्यावर माझे मत असे झाले आहे, की रेफरन्सच्या रूपाचे नियम या एका तपासणीच्या उपयोगी पडतात तेवढ्यापुरते मोलाचे आहेत. जे त्या उपयोगी पडत नाहीत ते खुशाल सोडून द्यावेत आणि वाचलेला वेळ मूळ निबंध वाचण्यात घालावा.

हे नियम मुळात सोयीसाठीच जन्मले. १८८१ साली हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बागेत आढळणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायीवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी मजकुरातच कंस करून संशोधकाचे नाव आणि साल दिले. आज आपण जिला हार्वर्ड पद्धत म्हणतो तिचा उगम तिथे धरला जातो. मानसशास्त्रज्ञांनी १९२९ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये निबंध कसा तयार करावा याच्या सात पानी सूचना छापल्या, त्या वाढत वाढत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा, म्हणजे एपीएचा, जाडजूड ग्रंथ झाला. काही वैद्यकीय जर्नल्सचे संपादक जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवरला जमले आणि त्यांनी ठरवलेली पद्धत पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली; यादीचा नमुना अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तयार केला होता. तेव्हा निबंध टाइपरायटरवर तयार होत. एका जर्नलने परत पाठवलेला निबंध दुसऱ्याच्या नियमांत बसवायचा म्हणजे पानेच्या पाने पुन्हा टाइप करायची. सगळ्यांचे नियम एक असले तर हा जाच टळणार होता. प्रत्यक्षात आज झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरसाठी उपलब्ध असलेल्या स्टाइलच्या फायली दहा हजारांवर गेल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ फायली म्हणजे एकाच पद्धतीला दिलेली निरनिराळ्या जर्नल्सची नावे आहेत हे खरे, तरी उरलेल्याही शेकड्यांनी मोजाव्या लागतील. लेखक सहापेक्षा जास्त असतील तर एक पद्धत पहिली सहा नावे देऊन 'एट अल' लिहायला सांगते, दुसरी तीनच नावे ठेवते, तिसरी वीस नावांपर्यंत एकही गाळू देत नाही. या फरकांमागे वाचकाची काही सोय असेल म्हणून शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही.

एक रेफरन्स जवळून पाहू. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचे 'नेचर'मधले गाजलेले टिपण व्हँकूवर पद्धतीत असे येईल: रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१:५०१-२. एपीएमध्ये आद्याक्षरांपुढे टिंबे येतील, १९२८ कंसात जाऊन नावांच्या मागोमाग बसेल, 'नेचर' आणि १२१ तिरप्या अक्षरांत होतील आणि पाने ५०१ ते ५०२ अशी पूर्ण लिहावी लागतील. माहिती तसूभरही बदलली नाही. कोणी, काय, कुठे, कधी, कितव्या खंडात, कोणत्या पानावर, या सहा प्रश्नांची उत्तरे दोन्हीकडे तीच आहेत. ती सहाही असणे मात्र महत्त्वाचे, कारण ती एकमेकांना सांभाळून घेतात. साल चुकून १९८२ पडले तरी १२१वा खंड आणि ५०१वे पान वाचकाला योग्य जागी नेतात. पानाचा आकडा चुकला तर शीर्षक नेते. नुसत्या डीओआयमध्ये, म्हणजे निबंधाला दिलेल्या कायमच्या डिजिटल ओळखक्रमांकात, ही सोय नाही. त्यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की दुवा तुटतो किंवा भलत्याच निबंधावर जाऊन पडतो, आणि काय चुकले ते ताडायला हाताशी दुसरे काही उरत नाही. डीओआय द्या आणि बाकीचे गाळा, हा सल्ला अलीकडे ऐकू येतो. तो मला याच कारणाने पटत नाही.

आता याच रेफरन्सची दुसरी बाजू. 'नेचर'च्या त्याच १२१व्या खंडात या विषयावरची आणखी टिपणे आहेत; पान ६१९ वर रामन यांचे एकट्याचे, पान ७११ वर कृष्णन यांच्यासह. त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये 'अ न्यू रेडिएशन' हा मोठा निबंध आला. रामन यांनी १६ मार्चला बंगळूरला दिलेले ते व्याख्यान होते. ५०१व्या पानावरच्या टिपणाची तारीख आहे १६ फेब्रुवारी. सूर्यप्रकाश १८ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या भिंगाने एकवटला, परस्परपूरक रंगांच्या काचा वापरून विकिरित प्रकाश डोळ्यांनी पाहिला आणि साठेक द्रव तपासले, असे त्यात वर्णन आहे. वर्णपटमापकानेही दुजोरा मिळतो असे त्यात एका छोट्या वाक्यात म्हटले आहे, पण प्रत्यक्ष वर्णपटांची छायाचित्रे 'इंडियन जर्नल'मधल्या निबंधात आहेत. तेव्हा वर्णपटातल्या नव्या रेषांचे वर्णन करून त्यामागे ५०१व्या पानाचा रेफरन्स दिला, तर तो स्वल्पविरामापर्यंत निर्दोष असूनही चुकीचा ठरतो. रामन परिणामावर लिहिणाऱ्याला 'नेचर, १२१, ५०१' तोंडपाठ असते, आणि जे तोंडपाठ आहे ते उघडून बघावे असे सहसा कोणाला सुचत नाही. अशी चूक कोणत्याही स्टाइलच्या नियमाने सापडत नाही. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच ती सापडते.

म्हणून रूपाचे सगळेच नियम टाकाऊ आहेत असे मात्र नाही. जर्नलच्या नावांचे संक्षेप घ्या. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' यादीत 'जे पोस्टग्रॅड मेड' असे येते. ब्रिटनचे 'पोस्टग्रॅज्युएट मेडिकल जर्नल' येते 'पोस्टग्रॅड मेड जे' असे. अमेरिकेचे 'पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' नुसतेच 'पोस्टग्रॅड मेड'. एक 'जे' पुढे आहे, मागे आहे की मुळीच नाही, एवढ्यावर तीन देशांतली तीन जर्नल्स वेगळी होतात. हा 'जे' घाईत सरकला तर केईएमच्या जर्नलमध्ये आलेला निबंध ब्रिटिश जर्नलच्या नावावर नोंदला जातो, आणि त्या खंडात, त्या पानावर भलताच कोणता तरी निबंध निघतो. असा नियम मी कसोशीने पाळते, कारण तो मोडला की वाचकाची वाट चुकते. जर्नलच्या नावापुढे टिंब हवे की नको याने कोणाचीही वाट चुकत नाही. नियम कामाचा आहे की नुसता सवयीचा, हे ठरवायला मला आजवर याहून चांगली कसोटी मिळालेली नाही.

मूळ निबंध न उघडता रेफरन्स फिरतात याला पुरावा आहे. मिखाईल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी या कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये सुमारे ४,३०० वेळा उद्धृत झालेल्या एका निबंधाचे रेफरन्स तपासले. त्यांत १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकले होते. हे सगळे आपापल्या हाताने चुकले असते तर १९६ तऱ्हेच्या चुका, निदान त्याच्या आसपास, दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५, आणि त्यांतली एकच एक चूक ७८ जणांच्या यादीत जशीच्या तशी आली होती. या दोघांनी गणिती प्रतिमान मांडून असा अंदाज काढला, की रेफरन्स देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ निबंध वाचतात. या वीस टक्क्यांवर मी फार भार देणार नाही. माणूस निबंध वाचूनही त्याचा तपशील दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेऊ शकतो, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला त्या आकड्यात पुरते उत्तर नाही. पण उतरवून घेणे सर्रास चालते एवढे तर ७८ जणांच्या एकसारख्या चुकीने सिद्ध होते, आणि जो तपशील उतरवून घेतो तो आशयही उतरवून घेत नसेल याची हमी काय? सातबारा पाहिला म्हणजे जमीन पाहिली असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

याहून टोकाचे उदाहरण खास रेफरन्सच्या स्टाइलचे आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये रेफरन्स कसा लिहावा याचा नमुना म्हणून व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन यांचा 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' हा २००० सालचा निबंध दिलेला असे. खंड १६३, पाने ५१ ते ५९, सगळे जिथल्या तिथे. असा निबंध कधी लिहिलाच गेला नव्हता, आणि ज्या जर्नलचे नाव होते ते जर्नलही अस्तित्वात नाही. तरीही हा न लिहिलेला निबंध जवळजवळ ४०० वेळा उद्धृत झाल्याची नोंद सापडली. नेदरलँड्सचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांच्या ते लक्षात आले आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये ते सविस्तर मांडले. बहुतेक नोंदी परिषदांसाठी लिहिलेल्या निबंधांतल्या होत्या. तयार टेम्प्लेटमध्ये मजकूर भरताना नमुन्याची ओळ तशीच राहून गेली असावी. इथे लेखकांच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून थांबणे सोपे आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यातला प्रत्येक निबंध लेखकाच्या, परीक्षकाच्या आणि संपादकाच्या नजरेखालून गेला होता. रेफरन्स स्टाइलप्रमाणे अगदी बरोबर होता, कारण तोच तर स्टाइलचा नमुना होता. रूप बरोबर दिसले की पुढे बघायचे नाही, ही सवय किती खोल रुजली आहे ते यावरून कळते.

त्या सवयीपायी माणसांचे काय होऊ शकते, हे वैद्यकातल्या एका रेफरन्सने दाखवून दिले आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या जानेवारी १९८० च्या अंकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे संपादकाला लिहिलेले पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना एकदा तरी अफूवर्गीय वेदनाशामक दिले गेले, त्यांत आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढेच त्यात होते. किती दिवस औषध दिले, किती मात्रेत दिले, घरी गेल्यावर पुढे काय झाले, यातले काही नव्हते. पुढे अमेरिकेत घरी नेऊन महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्या सुरक्षित आहेत असे सांगताना याच पत्राचा आधार दिला गेला. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशोब मांडला. पत्र ६०८ वेळा उद्धृत झाले होते. ४३९ ठिकाणी, म्हणजे ७२.२ टक्के निबंधांत, व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून ते वापरले होते. आणि ४९१ ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. अफूवर्गीय औषधांनी अमेरिकेत जो अनर्थ झाला तो एका रेफरन्सने घडवला असे कोणी म्हणणार नाही. पण डॉक्टरांच्या मनातली भीती घालवायला त्याचा हातभार लागला, हे त्या संशोधकांनी स्पष्ट लिहिले आहे.

या रेफरन्सकडे व्यवसायाच्या नजरेने पुन्हा बघण्यासारखे आहे. यादीत तो येतो १९८०;३०२:१२३ असा. पान एकच, १२३. संशोधन मांडणारा निबंध एका पानात सहसा संपत नाही; एकच पान दिसले की हे पत्र, बातमी किंवा टिपण असावे अशी शंका यायला हवी. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या नमुन्यात अशा मजकुराच्या शीर्षकापुढे चौकटी कंसात 'लेटर' असे लिहायची सोयही आहे. हा नियम बहुतेक जण विसरतात आणि विसरला तरी जर्नल अडवत नाही. तेच जर्नल तिरपी अक्षरे चुकली तर निबंध परत पाठवते. त्या ६०८ ठिकाणी यादीत 'लेटर' हा एक शब्द छापला असता, तर किती तरी वाचकांना मूळ उघडून बघावेसे वाटले असते असे मला मनापासून वाटते. मागे घेतलेल्या निबंधांचेही तसेच. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 'लॅन्सेट'मधला वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याचा उल्लेख करणे चूक नाही, पण रेफरन्सपुढे 'रिट्रॅक्टेड' लिहिणे हे कोणत्याही टिंबापेक्षा महत्त्वाचे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की संशोधकांचा वेळ आधीच या फॉरमॅटिंगमध्ये वाया जातो, त्यात आणखी काम कशाला लादायचे. २०१९ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांचे सर्वेक्षण आले होते. एका निबंधाच्या फॉरमॅटिंगमागे मध्यक काढला तर १४ तास आणि दर माणशी वर्षाला ५२ तास जातात असे त्यात दिसले. हे तास नुसत्या रेफरन्सचे नाहीत, तक्ते, आकृत्या, शब्दमर्यादा सगळे धरून आहेत. तरीही ते फार आहेत. निबंध स्वीकारला जाईपर्यंत कोणत्याही एकसारख्या पद्धतीतली यादी चालेल, असे आता अनेक जर्नल्स म्हणतात, आणि या धोरणाचे मी स्वागत करते, माझ्या कामातला काही भाग त्याने कमी होत असला तरी. प्रश्न आहे तो वाचलेल्या तासांचा. नियम सैल करताना जर्नल्स लेखकाकडून बदल्यात काहीच मागत नाहीत. प्रत्येक रेफरन्स मूळ निबंधाशी ताडून पाहिला आहे असे लिहून मागणारी जर्नल्स मला क्वचितच दिसतात. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींमध्ये रेफरन्स मूळ स्रोताशी किंवा पबमेडसारख्या सूचीशी पडताळावेत आणि मागे घेतलेल्या निबंधांबद्दल लेखकाने खात्री करावी, असे लिहिलेले आहे. ते वाक्य अंमलात आणायला वेळ नाही असे म्हणायची सोय आता उरलेली नाही.

दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरचा. एंडनोट, मेंडेली, झोटेरो एका क्षणात यादी एका स्टाइलमधून दुसरीत फिरवतात, मग माणूस कशाला? फिरवण्यापुरता माणूस नको, हे मान्य. पण सॉफ्टवेअरला जसा तपशील मिळतो तसा ते छापते. जागतिक आरोग्य संघटनेचे इंग्रजी नाव माणसाच्या नावाच्या रकान्यात भरले गेले की यादीत 'ऑर्गनायझेशन' हे आडनाव आणि 'डब्ल्यूएच' ही आद्याक्षरे असलेली एक व्यक्ती तयार होते. या धंद्यातल्या प्रत्येकाने ती कधी ना कधी पाहिली आहे. निदान ही चूक डोळ्यांत भरते. चॅटजीपीटीसारख्या साधनांनी रचलेल्या रेफरन्समध्ये तेवढेही होत नाही. खऱ्या संशोधकांची नावे, खरे जर्नल, पटण्यासारखे शीर्षक, डीओआयसारखा दिसणारा आकडा, आणि निबंध मात्र कुठेच नाही. एकेकाळी यादी नीटनेटकी असली की लेखकाने मेहनत घेतली असावी असे अनुमान काढता येई. ते अनुमान आता संपले. निर्दोष यादी फुकटात आणि क्षणात मिळते, तेव्हा तिच्या निर्दोषपणाला पुरावा म्हणून काही किंमत उरत नाही. तपासणाऱ्याचे काम त्यामुळे वाढले आहे. पूर्वी मी शंका आलेले रेफरन्स उघडत असे, आता शंका न आलेलेही उघडावे लागतात.

आपल्याकडच्या नावांचा प्रश्न यंत्रावर सोडून देण्यासारखा नाही, हेही इथेच सांगायला हवे. आडनाव आणि आद्याक्षरे ही मांडणी युरोपीय नावांना डोळ्यांपुढे ठेवून ठरली. मराठी नावात आडनाव शेवटी येते म्हणून आपले बरेचसे निभावते. पण 'पाटील एस' किंवा 'जोशी ए' हे नेमके कोण, हे यादी सांगत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रीचे काम दोन नावांखाली विभागले जाते. रामन हे आडनाव नव्हे, ते त्यांचे स्वतःचे नाव, आणि ते शेवटी असल्यामुळेच यादीत बरोबर बसले. जीवाणू गाळून काढलेल्या द्रवातही कॉलऱ्याचे विष असते हे १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवणारे कोलकात्याचे शंभुनाथ दे यांचे आडनाव रोमन लिपीत अवघे दोन अक्षरी आहे, आणि तीच दोन अक्षरे फ्रेंच-स्पॅनिश नावांत आडनावाआधीचे उपपद असतात. दे यांच्या कामाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. त्याचे महत्त्व १९८६ मध्ये लिहून मांडणारे यूजीन गारफिल्ड हे सायन्स सायटेशन इंडेक्सचे जनक होते. रेफरन्स मोजणाऱ्या माणसाने ते श्रेय परत मिळवून दिले, ही मला या क्षेत्रातली फार मोलाची घटना वाटते. २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला ऑर्किडचा (ORCID) स्वतंत्र सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागल्यामुळे हा गोंधळ पुढच्या निबंधांपुरता कमी होईल. जुन्या निबंधांतली नावे नीट लावायला माणूसच लागणार.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातल्या पीजी विद्यार्थ्याला महागड्या जर्नलमधला निबंध वाचायला मिळत नाही, तो उघडणार कसा? यात तथ्य होते आणि खासगी कॉलेजांच्या बाबतीत अजूनही आहे. सरकारी संस्थांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. सुमारे ६,३०० संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स त्यातून मिळणार आहेत. ज्यांना ती सोय नाही त्यांना पबमेड सेंट्रल आहे, मुंबईच्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'सारखी खुली जर्नल्स आहेत, आणि लेखकाला ईमेल करून प्रत मागण्यात कमीपणा नाही. एवढे करूनही निबंध मिळाला नाही तर ज्या निबंधात त्याचा उल्लेख वाचला त्याचाच रेफरन्स द्यावा. यादी लहान होईल, होऊ द्यावी. डिझर्टेशनला शंभरावर रेफरन्स हवेत असा दंडक अनेक विभागांत चालतो. त्याला कोणत्याही नियमपुस्तकाचा आधार मी पाहिलेला नाही, आणि न वाचलेले निबंध यादीत भरण्याचे ते सगळ्यात मोठे कारण आहे.

माझ्या पद्धतीत यादीशेजारी एक जादा रकाना असतो. प्रत्येक रेफरन्सपुढे मूळ निबंधातले ते पान, तो तक्ता किंवा ते वाक्य लेखकाने उतरवायचे, ज्याच्या जोरावर त्याने आपले विधान केले आहे. ज्यापुढे काही उतरवता येत नाही तो रेफरन्स काढायचा किंवा विधान बदलायचे. हे अविश्वासाचे लक्षण आहे अशी काही लेखकांची तक्रार असते. हिशोब तपासनीस पावत्या मागतो त्यात अविश्वास कोणी मानत नाही, असे माझे त्यांना उत्तर असते. रकाना छापायची गरज नाही. परीक्षकाला पूरक फाईल म्हणून पाठवला तर त्याला पन्नास रेफरन्सपैकी कोणतेही पाच उघडून ताडता येतात, आणि मागे घेतलेले निबंध शोधायला रिट्रॅक्शन वॉचची सूची २०२३ पासून क्रॉसरेफकडे सर्वांना खुली आहे. जर्नल्स हा रकाना मागायला लागेपर्यंत थांबायचेही कारण नाही. पीजीच्या डिझर्टेशनपासून तो सुरू करता येईल. तिथे विद्यार्थी आणि गाइड एका टेबलाशी बसतात, यादी अजून हाताबाहेर गेलेली नसते, आणि न मिळालेला निबंध मागवायला दोन-चार आठवडे हाताशी असतात.